पोर्तुगीज कागदांतील क्रियापदांची फोड व आघात

जुने पोर्तुगीज कागद नागरींत उतरून घेतांना आपल्या संग्राहकांकडून एक दोष वारंवार घडतो. मूळ लेखकानें क्रियापद व सर्वनाम सलग लिहिलें असलें म्हणजे तेंही सलगच उतरवितात. पद कोठें तुटतें, आघात कोणत्या अक्षरावर येतो, याची खूण ठेवीत नाहींत. प्रश्न केवळ उच्चाराचा असता तर लेखणी उचलली नसती. पण येथें काळच पालटतो.

'एंत्रेगरांव' या रूपांत उपान्त्य 'ग'वर आघात असल्यास अर्थ 'त्यांनीं स्वाधीन केलें'. अन्त्य 'रांव'वर असल्यास 'ते स्वाधीन करतील'. आज भविष्याच्या शेवटीं शिरोचिन्हांकित 'आओ' व भूताच्या शेवटीं 'आम' अशीं अक्षरें लिहितात. जुन्या लेखकांस हा निर्बंध नव्हता. कामोंइशच्या महाकाव्याच्या १५७२ च्या छापींत पहिल्याच कडव्यांत भूतकाळाचीं रूपें दोन्ही तऱ्हांनीं आढळतात. छापखान्याची ही कथा, तर किल्ल्यावरील कारकुनाची काय सांगावी! ठाणें दिलें कीं द्यावयाचें आहे, हें अशा एका अक्षरावर लोंबकळतें. मजकडूनही एकदां 'देतील'चें 'दिलें' झालें होतें. एका तरुण गोमंतकीय स्नेह्यानें तें दाखवून दिलें.

संस्कृतज्ञांस ही रचना परकी वाटूं नये. 'दार' (देणें) यास 'एइ' (मला आहे) जोडून 'दरेइ' हें भविष्याचें रूप झालें. आपल्या 'मला देणें आहे' सारखेंच. 'दातास्मि' हें लुटाचें रूपही असेंच जुळलेलें. तो सांधा पुरता न बुजल्यामुळें सर्वनाम त्यांत शिरतें: 'दार्-ल्ये-एइ', मी त्यास देईन. अक्षरें तीनच, 'एइ' संयुक्त स्वर आहे, त्याचे दोन तुकडे पाडूं नयेत. मुख्य आघात त्यावर, दुय्यम 'दार्'वर.

यांतूनच कसोटी निघते. सर्वनाम मध्यें असेल, 'एंत्रेगर्-ल्ये-आंव', तर भविष्य निश्चित. तें शेवटीं असेल, 'एंत्रेगरांव-ल्ये', तर भूत. कारण भविष्याच्या प्रत्ययामागें सर्वनाम जोडण्यास त्या भाषेची मान्यता नाहीं. गौण वाक्यांत सर्वनाम बहुधा क्रियापदापूर्वीं येतें. तेथें मात्र ही कसोटी लंगडी पडते, आणि तारीख व शेजारचीं क्रियापदें पाहिल्यावांचून गति नाहीं.

तेव्हां मूळ अक्षरें सलग असल्यास सलगच छापावींत, फोड खालीं निराळी द्यावी व आघाताचें अक्षर अधोरेखित करावें. संपादकानें फोडलेला पाठ मूळ म्हणून पुढें ठेवूं नये.