नववीचे वर्ष : पुस्तकातली आणि पडद्यावरची ‘शाळा’

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा विषय निघाला की सिनेमा पाहिलेला माणूस हमखास म्हणतो, पुस्तक जास्त चांगले आहे. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले : एवढी मोठी कादंबरी दोन तासांत कशी मावणार? हे उत्तर मला पटत नाही. कादंबरीतली मुख्य माणसे आणि मुख्य घटना सुजय डहाके यांच्या चित्रपटात बऱ्यापैकी मावल्या आहेत. मुकुंद जोशी आहे, सुऱ्या, चित्र्या, फावड्या आहेत, नरूमामा आहे, शिरोडकर तर आहेच. नाही ते एक अख्खे वर्ष.

कादंबरी मौज प्रकाशन गृहाने २००४ साली काढली. तिच्यावरून ‘गमभन’ हे नाटक आले, ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०१२ मध्ये मराठी ‘शाळा’ प्रदर्शित झाला. त्याला ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला. चित्रपट वाईट आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर या दोघांची निवड इतकी नेमकी आहे की आज कादंबरी वाचताना तेच चेहरे डोळ्यांपुढे येतात, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे. पुस्तकात शिरोडकर आपल्याला कधीच पुरती दिसत नाही. ती जोशीला दिसते तेवढीच दिसते : वर्गात पाठमोरी, रस्त्यात लांबून, मैत्रिणींच्या घोळक्यात अर्धीमुर्धी. उरलेली शिरोडकर तो मनात रचतो, आणि आपणही रचतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याने एकदा तिचा चेहरा जवळून दाखवला की रचायला काही उरत नाही.

पण मुख्य मुद्दा वर्षाचा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी वीसेक वर्षे एकच काम करत हिंडतो आहे. कोणती मुले कोणत्या इयत्तेत शाळेतून गळाली, कधी, कशामुळे, याच्या नोंदी गोळा करायच्या. हे काम मला कोणत्या विद्यापीठाने दिलेले नाही आणि मीही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते वाचनालयांतून. त्या नोंदवह्या हाताशी असताना ‘शाळा’ तिसऱ्यांदा वाचली तेव्हा पूर्वी नुसती ओलांडून गेलेली एक गोष्ट समोर आली. ही गोष्ट नववीतली आहे. आठवीतली नाही, दहावीतली नाही.

१९७५च्या सुमारास महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली. त्यामुळे नववी हे एकदम शेवटून दुसरे वर्ष झाले. दहावीला बोर्डात निकाल चांगला लागावा म्हणून नववीतच चाळण लावायची, ही पद्धत माझ्या वेळीही, म्हणजे दहाएक वर्षांनी, तशीच होती. आज शिक्षण हक्क कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पण तो ६ ते १४ वर्षांपुरता, पहिली ते आठवी. नववी त्याच्या कुंपणाबाहेर. माझ्या नोंदींत गळतीचा मोठा खड्डा दिसतो तो इथेच. आठवीपर्यंत मूल पटावर राहते, कारण त्याला पटावर ठेवणे शाळेचे काम असते. नववीपासून ते स्वतःच्या पायावर शाळेत यायचे असते, आणि हायस्कूल पाड्यापासून लांब असते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण फाट्यापर्यंतची वाट पायानेच तुडवावी लागते.

म्हणून बोकिलांनी प्रेमकथेसाठी नववी निवडली हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जोशी जून ते पुढच्या निकालापर्यंतचे सबंध वर्ष जगतो. त्यात तासामागून तास आहेत, कंटाळा आहे, चाचण्या आहेत, सुट्ट्या आहेत, आणि अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून काढलेल्या संध्याकाळी आहेत. कितीतरी पाने काहीच ‘घडत’ नाही. शिरोडकर आज दिसली की नाही एवढ्यावर दिवस सरतो. हा लांबलचकपणा म्हणजेच कादंबरी. निकाल लागतो तेव्हा वाचकालाही वर्ष गेल्यासारखे वाटते, आणि शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा एका मुलीबरोबर तेवढे सगळे दिवस गेलेले असतात. चित्रपटात ती जाते तेव्हा वाईट वाटते, पण ते एका गोड जोडीची ताटातूट झाल्याचे वाईट वाटणे आहे.

दुसरा फरक सूर लावण्याचा. कादंबरी सांगणारा मुलगा नववीतच आहे. चाळिशीतला जोशी मध्येच डोकावून ‘ते दिवस’ म्हणून उसासा टाकत नाही. त्याला जे कळत नाही ते पानावरही कळत नाही. ‘लाइन’ या शब्दाभोवती त्याने आणि मित्रांनी केवढे तरी शास्त्र उभे केले आहे, आणि ते तो पूर्ण गांभीर्याने सांगतो. हसू आपल्याला येते, त्याला नाही. बोकिलांनी हा संयम शेवटपर्यंत सोडलेला नाही, आणि त्याला किती कष्ट पडले असतील हे लिहिणाऱ्यांना कळेल. चित्रपट मात्र त्या मऊ प्रकाशात, त्या हिरव्या परिसरात पहिल्यापासून आठवण काढत बसलेला आहे. दिएगो रोमेरो यांचे छायाचित्रण देखणे आहे, पण ते देखणेपण मागे वळून पाहणाऱ्याचे आहे. नववीतल्या मुलाला आपली शाळा सोनेरी दिसत नसते.

आडनावांकडेही पाहा. जोशी, चित्रे, म्हात्रे, शिरोडकर. शाळेत मुले एकमेकांना आडनावाने हाक मारतात, एवढेच कारण पुरेसे आहे. पण ठाणे-रायगड पट्ट्यात म्हात्रे हे आडनाव ऐकले की आमच्याकडे आगरी घर, भातशेती आणि हल्ली विकलेल्या जमिनी हे सगळे आपोआप पाठोपाठ येते. सुऱ्या म्हात्रेची बेफिकिरी आणि जोशीचा जपून राहण्याचा स्वभाव हे दोन घरांतले फरक आहेत. बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी हजेरीपटावर जिल्हा मांडून ठेवला आहे आणि त्याबद्दल एक अक्षर बोललेले नाहीत. पडद्यावर हीच आडनावे नुसत्या हाका होतात. आणि ज्याला शाळेबाहेरचे कष्टाचे जग ठाऊक आहे तो फावड्या तिथे प्रामुख्याने गमतीपुरता उरतो.

माध्यमच तसे, असे कोणी म्हणेल. तर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आठवावा. तिथेही शाळा आहे, वर्गातली न बोललेली मुलगी आहे. पण जब्याला डुकरे पकडावी लागतात, तीही शाळेच्या आवाराशेजारी, तिच्या डोळ्यांदेखत. प्रेम आणि हजेरीपट यांची सांगड कॅमेऱ्यालाही घालता येते, घालायची असली तर.

आणीबाणीचेही असेच झाले आहे. २५ जून १९७५, म्हणजे शाळा सुरू होऊन जेमतेम पंधरवडा. कादंबरीत ती मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून झिरपते, मुकुंदाला तिचा धड अर्थ लागत नाही. पण शिस्त म्हणजे काय हे त्याला चांगले ठाऊक आहे, कारण तो रोज वर्गात बसतो. विनोबांचा ‘अनुशासन पर्व’ हा शब्द त्याच वर्षी सरकारने आपल्या प्रचारासाठी उचलला होता. शाळेतली छडी आणि दिल्लीतला हुकूम यांच्यामधला धागा कादंबरी वाचकावर सोपवते. चित्रपटात आणीबाणी काळ दाखवण्याच्या कामी येते, जुन्या रेडिओसारखी.

बोकिलांचे आणखी एक पुस्तक आमच्या भागात वाचले गेले पाहिजे होते, ते म्हणजे ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ ते आणि ‘शाळा’ एकाच माणसाचे आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. मला ती दोन्ही शेजारी ठेवावीशी वाटतात. आमच्याकडे भातकापणी उरकली, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे. उचल आधीच घेतलेली असते. मूल मागे ठेवायला कोणी नसते, म्हणून तेही जाते. ते परतते मेअखेर, पावसाच्या तोंडावर. म्हणजे त्याच्या वाट्याला वर्षाचे एकच सत्र येते. जोशीचे वर्ष दिवाळीच्या सुट्टीनंतर खरे रंगते. या मुलांचे तिथे संपलेले असते. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, काही ठिकाणी ती मनापासून चालतेही, पण नववीत पोहोचलेला कातकरी मुलगा माझ्या वह्यांत इतका विरळ आहे की पाने उलटत बसावे लागते.

तेव्हा ‘शाळा’ ही सर्वांच्या बालपणाची गोष्ट आहे, असे जे कौतुकाने म्हटले जाते ते मला मान्य नाही. ज्यांना सबंध वर्ष मिळाले त्यांची ती गोष्ट आहे. कादंबरीला हे माहीत आहे. म्हणून तर वर्ष संपताना ती चौकडी ती तशी ठेवत नाही.

किन्हवलीच्या बाजूला काही मुलामुलींना मी दोन्ही ‘शाळा’ दिल्या, आधी पुस्तक, मग चित्रपट. चित्रपट पाहून बहुतेकांनी विचारले, जोशी आणि शिरोडकर पुढे भेटतात का? पुस्तक संपवल्यावर एका मुलीने वेगळेच विचारले होते. शिरोडकरला नव्या गावात शाळा मिळाली असेल का? मी काही बोलायच्या आत तिच्या शेजारचीने सांगून टाकले, बदलीवाल्यांच्या मुलींना मिळते.