खिशांतलें गायनयंत्र

ग्रंथाचें परीक्षण करावें, नाटकाचें करावें, फार तर एखाद्या गवयाच्या बैठकीचें करावें. परंतु बाजारांतून विकत आणलेल्या एका यंत्राचें परीक्षण वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें आमच्या वाचकांपैकीं कांहींस वाटण्याचा संभव आहे. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्याच्या पोटांत हजारों गाणीं राहतात तें नुसतें यंत्र उरत नाहीं; तो एक संग्रह होतो, आणि संग्रह म्हटला कीं त्यांत काय घेतलें व काय गाळलें हा प्रश्न आलाच. हा प्रश्न टीकाकाराचा आहे, दुकानदाराचा नव्हे. ब्रह्मपुरीसारख्या गांवीं राहून आम्हीं गेलीं कित्येक वर्षें असें यंत्र बाळगलें आहे, व त्याचे गुणदोष आम्हांस आतां पुरते ठाऊक झाले आहेत.

बाजारांत ज्यास ‘एमपी थ्री प्लेअर’ म्हणतात त्या या यंत्राचा पूर्वेतिहास फार जुना नाहीं. १९७९ सालीं जपानांतील सोनी कंपनीनें वॉकमन काढला, तेव्हां आपल्या आवडीचें गाणें कानाशीं घेऊन माणूस रस्त्यानें चालूं लागला. परंतु कॅसेटची एक बाजू संपली कीं ती उलटावी लागे, आणि दहा कॅसेटी बरोबर घेतल्या तर पिशवी जड होई. १९९८ मध्यें दक्षिण कोरियांत या नव्या जातीचें पहिलें यंत्र निघालें. त्याची सांठवण अवघी ३२ मेगाबाइट. आठ गाणीं घातलीं कीं तें भरलें. २००१ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें आयपॉड काढला, त्यांत एकदम हजार गाणीं मावूं लागलीं. पुढें वीस वर्षें त्याचें राज्य चाललें, आणि २०२२ च्या मे महिन्यांत त्याच कंपनीनें तो बंद केल्याचें जाहीर केलें. मोबाइलनें त्यास केव्हांच गिळलें होतें.

मग मोबाइल हातीं असतां वेगळें यंत्र बाळगण्याचा अट्टहास कां? एक तर मोबाइलवरील गाणें बहुधा भाड्याचें असतें. महिन्याचे पैसे भरावे, तोंवर ऐकावें. पैसे थांबले कीं गाणें थांबलें. भाडें थकल्यावर घरमालक भाडेकऱ्यास सामानासह बाहेर काढतो हें आपणांस ठाऊक आहे; येथें तर सामानहि घरमालकाचेंच, तेव्हां बाहेर पडणारा रिकाम्या हातानें बाहेर पडतो. शिवाय कंपन्यांचे आपसांतील करार मोडले म्हणजे काल ऐकलेलें गाणें आज यादींतून नाहींसें होतें, व त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाहीं. दुसरें असें कीं, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या रानांत शिरलें म्हणजे पुष्कळ ठिकाणीं रेंज जाते, आणि ज्याचें गाणें दूरच्या नगरांतील यंत्रशाळेंत ठेवलेलें आहे त्यास मोहाच्या झाडांखालून मुकाट्यानें जावें लागतें. तिसरें कारण किरकोळ, पण आम्हांस तेंच विशेष जाचक वाटे. विलंबित ख्याल कुठें रंगूं लागतो तोंच कर्ज देऊं करणाऱ्या कोणा अनोळखी गृहस्थाचा फोन येतो! खिशांतल्या यंत्रास कोणाचाहि फोन येत नाहीं, हा त्याचा गुण आम्ही पहिल्या प्रतीचा समजतों.

आतां ध्वनीविषयीं. एमपी थ्री ही पद्धति जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनीं इतरांच्या साहाय्यानें सिद्ध केली, आणि तिचा सारा भर मनुष्याच्या कानाच्या दुबळेपणावर आहे. मोठा आवाज चालू असतां त्याच्या लगतचा बारीक आवाज आपणांस ऐकूं येत नाहीं. मग तो सांठवावयाचा तरी कशाला, असा हा हिशेब. सीडीवर दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेतलेलें असतें, त्यामुळें चार मिनिटांचें गाणें सुमारें ४२ मेगाबाइट जागा अडवितें. तेंच १२८ किलोबिटांच्या एमपी थ्रींत चार मेगाबाइटांच्या आंत बसतें. म्हणजे दहा हिश्शांहून अधिक टाकून दिलें, आणि ऐकणारास त्याचा पत्ता नाहीं! त्या संशोधकांनीं कसोटीस सुझॅन वेगा या गायिकेचें साथीवांचूनचें एक गाणें घेतलें होतें, हें प्रसिद्ध आहे. आम्हीं आमची कसोटी घेतली ती टाळ आणि खंजिरी यांची. चिमूर येथून फार दूर नाहीं, व तुकडोजी महाराजांच्या परंपरेंतील खंजिरीवरचीं भजनें या मुलुखांत घरोघरीं ऐकिलीं जातात. तेव्हां ज्या यंत्रास खंजिरी साधत नाहीं तें येथें काय कामाचें?

कसोटीचा निकाल असा. १२८ किलोबिटांत कंठ जवळ जवळ शाबूत राहतो. गाणाराचा शब्द, श्वास, खर्जांतील घोग्रेपणा, सारें ओळखूं येतें. परंतु टाळाचा नाद भिजल्यासारखा होतो. टाळ वाजल्यावर जी झणत्कृति हवेंत क्षणभर रेंगाळावयाची ती न रेंगाळतां चुरगळते. खंजिरीवर थाप पडण्यापूर्वींच एक पुसट सळसळ ऐकूं येते. जणूं थापेची वर्दी अगोदर पोंचली! तंबोऱ्याचा भरणाहि किंचित् सपाट होतो. तेंच भजन ३२० किलोबिटांनीं भरून घेतलें तेव्हां हे दोष आमच्या कानांस तरी दिसेनासे झाले. आमच्या कानांचें वय पाहतां हा दाखला निर्णायक मानूं नये. घरांतील एका सोळा वर्षांच्या परीक्षकास डोळे मिटून दोन्ही ऐकविले, तर त्यानें आठांपैकीं सात वेळां १२८ चें ओळखलें, ३२० चें मूळ सीडीपासून मात्र त्यासहि निवडतां येईना. यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, महागडें यंत्र घेण्यापेक्षां साधें यंत्र घेऊन त्यांत गाणीं नीट भरावीं, आणि उरलेला पैसा चांगल्या इअरफोनवर खर्च करावा. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानांतून शेंकडों गाणीं एका दमांत मिळतात खरीं. पण तीं आधींच दोनदां-तीनदां पिळलेलीं असतात, शिवाय तो व्यवहार बहुधा कायद्यास धरून नसतो. आम्हींहि प्रथम तोच मार्ग धरला होता, हें कबूल केलें पाहिजे.

उन्हाळ्याविषयीं चार शब्द न लिहिले तर ब्रह्मपुरीकर आम्हांस हंसतील. देशांतील सर्वांत तापलेल्या गांवांच्या यादींत आमचें गांव वैशाखांत वरचेवर झळकतें. पारा ४५ अंशांच्या वर जाणें यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. आणि या यंत्रांच्या पुस्तिकेंत पाहावें तर पुष्कळदां ३५ अंशांपलीकडे वापरूं नये अशी सूचना! या हिशेबानें चैत्रापासून मृग लागेपर्यंत दुपारीं गाणें वर्ज्यच. आमच्या पहिल्या यंत्राचा सेल दुसऱ्याच उन्हाळ्यांत फुगला, व तो बदलण्याची सोय करणारानें मुळीं ठेवलीच नव्हती; यंत्र टाकून द्यावें लागलें. दुसरें यंत्र आम्ही दुपारीं माठाच्या तिवईखालीं, फडक्यांत गुंडाळून ठेवितों. या उपायास शास्त्राधार काय तें आम्हांस ठाऊक नाहीं, परंतु यंत्र अद्याप चालतें.

येथवर यंत्र म्हणून विचार झाला. संग्रह म्हणून विचार करूं जातां दोन जाति पडतात. एक गाणीं भरलेल्या यंत्रांची, दुसरी रिकाम्या यंत्रांची. भरलेल्यांत सर्वांत गाजलेलें म्हणजे २०१७ सालीं सारेगामा कंपनीनें काढलेलें ‘कारवाँ’. दिसावयास जुन्या रेडिओसारखें, हातांत धरतां येईल एवढें, आणि पोटांत पांच हजार हिंदी गाणीं. बटण फिरवावें कीं गायकाच्या वा संगीतकाराच्या नांवानें गाणीं सुरू. ज्यांस मोबाइलवर बोट फिरविण्याचा कंटाळा येतो अशा वडीलधाऱ्या मंडळींस या पेटीनें जो आनंद दिला त्याची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. सायंकाळीं दिवेलागणीस अंगणांत खाट टाकून ती लावली म्हणजे शेजारचीं दोन माणसें येऊन बसतात. खिशांतल्या यंत्रानें हें घडत नाहीं. निवडहि जाणत्यानें केलेली दिसते. परंतु निवड झाली ती कोणत्या कोठारांतून? ही कंपनी म्हणजे पूर्वींची ग्रामोफोन कंपनी. २००० सालीं तिनें नांव बदललें. तिचें कोठार म्हणजे तिनें स्वतः मुद्रित केलेलें वा विकत घेतलेलें गायन. जें मुद्रित झालें नाहीं तें कितीहि थोर असलें तरी पेटींत येण्याचा मार्ग नाहीं.

याचें मराठी वाचकांस जवळचें उदाहरण भाऊराव कोल्हटकरांचें. किर्लोस्कर मंडळींतील या नटाच्या कंठावर एका पिढीनें जीव ओवाळला. ते १९०१ सालीं वारले, आणि पुढच्याच वर्षीं, १९०२ च्या नोव्हेंबरांत, विलायतेहून आलेल्या ध्वनिमुद्रकांनीं कलकत्त्यास गोहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें. एका वर्षाचें अंतर! बालगंधर्व त्या मानानें भाग्यवान्. त्यांचीं पदें राहिलीं, पण तीं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडींत कोंबून. प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’नें लांबत गेलेलें रंगभूमीवरचें पद कसें होतें, हें तबकडी सांगत नाहीं. जें यंत्रापुढें आलें नाहीं तें गेलें, आणि जें आलें तें यंत्राच्या मापानें कापलें गेलें.

ही हानि शंभर वर्षांपूर्वींची म्हणून सोडून देतां आली असती; पण आमच्या भोंवतीं ती दर हिवाळ्यांत चालू आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. भाऊबीजेपासून येथें गांवोगांव मंडई भरूं लागते, पुढें शंकरपटांचे दिवस येतात, आणि रात्रीं नाटक उभें राहतें तें थेट पहांटेपर्यंत. वैनगंगेपलीकडचें वडसा हें या नाटकमंडळींचें माहेरघर. पुण्यामुंबईस संगीत नाटक जुनें झालें, पण येथें ऑर्गन आणि तबला रंगमंचालगत बसलेला असतो व नट स्वतःच्या गळ्यानें गातो. त्याखेरीज दंडार आहे, खडी गंमत आहे. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां दूरच्या वर्तमानपत्रांनीं या रंगभूमीची चौकशी केली. परंतु तेथील पद एका रात्रीपुरतें हवेंत असतें. हल्लीं कोणी मोबाइल उंच करून त्याचा तुकडा टिपतो. त्यांत गाण्यापेक्षां शिट्ट्या अधिक. भरलेल्या पेटीस हें गाणें ठाऊक नाहीं, व ठाऊक करून घेण्याची तिच्यांत जागाहि नाहीं. पेनड्राइव्ह लावण्याची सोय असते खरी, पण ती बाहेरून चिकटविलेली. म्हणून आमचा कौल रिकाम्या यंत्राच्या बाजूनें आहे.

हा कौल देण्यास आम्हांस एका कॅसेटनें भाग पाडलें. १९९१ च्या सुमारास आमच्या घरच्यांनीं शेजारच्या खेड्यांतील मंडईंत एका दंडारीचें गायन साध्या टेपवर घेतलें होतें. ती कॅसेट कपाटांत तीस वर्षें पडून होती. फीत कांहीं ठिकाणीं चिकटली होती, एके ठिकाणीं तुटलीहि होती. ती सांधून संगणकावर उतरविली व तेथून यंत्रांत घातली. इअरफोन कानांस लावले आणि ढोलकी सुरू झाली, तेव्हां मध्येंच एक कुत्रें भुंकलें, कोणीतरी ‘बसा, बसा’ म्हणून ओरडलें, आणि आज हयात नसलेल्या एका परिचित माणसाचें हंसूं ऐकूं आलें. ध्वनि म्हणून हें मुद्रण टाकाऊच. टाळ तर इतका फाटला आहे कीं १२८ आणि ३२० यांचा वादच तेथें संपतो. बाविसाव्या मिनिटास शाहीर सवाल टाकतो, झील उचलली जाते, आणि एकाएकीं त्या जागीं एक हिंदी चित्रपटगीत वाजूं लागतें. पुढें कधींतरी त्याच कॅसेटवर तें घेण्यांत आलें. तें कोणीं घेतलें हें घरांत सर्वांस ठाऊक आहे, व कोणी त्याचा उच्चार करीत नाहीं.

यंत्राच्या लहानशा कांचेवर मात्र या गायनाचें नांव उमटलें तें असें: ‘अज्ञात कलाकार’. त्याखालीं: ‘अज्ञात संग्रह’. प्रथम आम्हांस यंत्राचा राग आला. गायक कोण, संग्रह कोणता, साल कोणतें, या रकान्यांपलीकडे त्यास कांहीं विचारतांच येत नाहीं. गांव कोणतें, मंडई कोणती, झील कोणी धरली, हे आमचे रकाने त्यांत नाहींत. चित्रपटाचें गाणें या सांच्यांत सहज बसतें, दंडार बसत नाहीं. हा दोष खरा, आणि विकत घेणारानें तो ध्यानांत ठेवावा. परंतु विचारांतीं असें दिसलें कीं, यंत्रास शाहिराचें नांव माहीत नाहीं तें आम्हीं सांगितलें नाहीं म्हणून. आणि आम्हीं सांगितलें नाहीं तें आम्हांसच माहीत नव्हतें म्हणून. कॅसेटच्या कागदावर आमच्याच घरच्या अक्षरांत केवळ ‘दंडार’ एवढें लिहिलेलें होतें. त्याच कपाटांतील चित्रपटगीतांच्या कॅसेटींवर गायक, कवि, संगीतकार सारे सुवाच्य अक्षरांत उतरून घेतलेले!

मग यंत्र खिशांत घालून आम्ही त्या खेड्यास गेलों. मारुतीच्या पारावर दोन वृद्ध गृहस्थ भेटले. एकेकाच्या कानांत एक एक इअरफोन दिला. पहिल्यांनीं दहा सेकंदांत शाहिराचें नांव सांगितलें. दुसऱ्यांनीं तें साफ नाकारलें व दुसरेंच नांव दिलें. अर्धा घटका वाद झाला, घरांतून एका म्हाताऱ्या बाईंस बोलाविण्यांत आलें. त्यांनीं ऐकून पहिलें नांव खरें ठरविलें, आणि झील धरणारांतील एक आवाज आपल्या दिराचा असल्याचें सांगून इअरफोन कितीतरी वेळ परत दिला नाहीं. घरीं येऊन आम्हीं संगणकावर रकाने भरले. गांवाचा रकाना नसल्यामुळें तें ‘संग्रह’ म्हणून घातलें, मंडईचें साल अंदाजानें घातलें. आतां कांचेवर शाहिराचें नांव देवनागरींत उमटतें. फक्त यंत्र जोडाक्षर नीट दाखवीत नसल्यानें तें थोडें मोडकें दिसतें. ढोलकी कोणीं वाजविली याविषयीं मात्र तिघांचेंहि एकमत झालें नाहीं, आणि येत्या मंडईस पुन्हां जावयाचें ठरलें आहे.