बिजागरी म्हणून भागत नाही

नाशिकमधल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सांध्यांचा तक्ता पाहत होतो. गुडघा, कोपर आणि जबडा तिन्ही एकाच रकान्यात: ‘बिजागरीचा सांधा’. कोपराचं ठीक आहे. (गुडघाही पुरता बिजागरी नाही, पण ते असो.) जबड्याच्या बाबतीत मात्र हे अर्धंच खरं आहे.

वर्गात करून पाहा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवून तोंड हळूहळू उघडा. आधी जबडा जागच्या जागी फिरतो. आणखी उघडलं की हाडाचं टोक पुढे सरकतं आणि बोटाखाली खळगा पडतो. दाराची बिजागरी अशी चौकट सोडून पुढे येत नाही! हे सरकणं सुरळीत व्हावं म्हणून मध्ये एक चकती असते. ती जागेवरून जरा हलली की ‘कट्’ असा आवाज येऊ शकतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर त्या आवाजावर सहसा उपचार लागत नाहीत.

बिजागरी एकदा डोक्यात बसली की पुढचा तर्क सोपा: दार नीट बसत नाही, रंधा मारा! दात तासून ‘चावा बसवण्याची’ पद्धत कितीतरी वर्षं चालली. १९७६ साली अमेरिकेत गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी २५ रुग्णांचे दात तासण्याचं नुसतं नाटक केलं. त्यातल्या १६ जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं. म्हणजे इतरांच्या बाबतीत श्रेय रंध्याला का द्यायचं? तासलेला दात तर परत वाढत नाही. तुलनेसाठी दुसरा गट का हवा, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जुनाट दुखण्यासाठी दिलेल्या शिफारशींतही भर आहे तो जबड्याच्या हालचाली, व्यायाम आणि समुपदेशनावर.

आपल्याकडे एक सावधगिरी मात्र हवी. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का, पाहा. मावत नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असतील, तर संशय सांध्याचा नव्हे, सुपारी-गुटख्याचा घ्यावा. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली, तरी असा विद्यार्थी वर्गात असू शकतो. या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. त्याला ‘जबडा आखडलाय’ म्हणून शेक घ्यायला न सांगता दंतवैद्याकडे पाठवा. नाशिककरांना पंचवटीत दंत महाविद्यालय आहेच.