करार झाला, फोटो झाला, वाचक कुठाय?

सार्वजनिक ग्रंथालयं कॉलेजच्या विद्यार्थ्यांपर्यंत कशी पोहोचतात, हा माझ्या पीएचडीच्या विषयाचा एक भाग. त्यातल्या एका लाडक्या शब्दाबद्दल आज बोलूया: ‘सहकार्य’.

पद्धत साधारण अशी असते. गावातलं ग्रंथालय आणि कॉलेज यांच्यात सामंजस्य करार होतो. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ग्रंथप्रदर्शन भरतं, व्याख्यान होतं, हजेरीच्या कागदावर सह्या होतात, फोटो निघतो. कॉलेजच्या नॅकच्या फाइलमध्ये हे सगळं लागतं, कारण मूल्यांकनात विस्तारकार्य आणि इतर संस्थांशी सहकार्य यांना जागा आहे. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालातही एक परिच्छेद वाढतो. कार्यक्रम होऊ देत की, चांगलंच आहे. पण मोजलं काय जातं बघा: करार किती, कार्यक्रम किती, हजेरी किती. हजर मुलांपैकी किती जणांनी नंतर पुस्तक घरी नेलं, हा रकाना त्या कागदावर नसतोच.

तुम्ही म्हणाल, हल्ली मुलं वाचतच नाहीत. मग ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बघा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असतात, स्वतःच्या झेरॉक्स नोट्स घेऊन. कपाटं दहा पावलांवर. तरी त्यातल्या अनेकांकडे पुस्तक घरी नेण्याचं सभासदत्व नसतं. म्हणजे मुलं दारापर्यंत नाही, आतपर्यंत आलेली आहेत. अडतं ते त्यापुढे.

अडतं कुठे? अनामत आणि वर्गणीपाशी. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं स्वयंसेवी संस्था चालवतात. सरकार वर्गवारीनुसार अनुदान देतं. ते तोकडं पडतं, म्हणून वर्गणी लागते. ग्रंथालयाची ही अडचण खरी आहे. पण मग करारात नेमका हाच मुद्दा हवा ना? अनामत कोण भरणार, पुस्तक हरवलं तर जबाबदारी कुणाची, कॉलेजचं ओळखपत्र चालेल का. हे न ठरवता केलेला करार म्हणजे नुसतं आमंत्रण.

अमेरिकेतल्या सॅन होजे शहराचं उदाहरण घ्या. तिथे २००३ साली शहराचं मुख्य ग्रंथालय आणि विद्यापीठाचं ग्रंथालय एकाच इमारतीत आले. नागरिक विद्यापीठाची पुस्तकं घेऊ शकतो, विद्यार्थी शहराची. सुरुवातीला काही प्राध्यापकांनी विरोधही केला होता. पैसा, इमारत, कर्मचारी, यातलं काहीच आपल्या तालुक्याच्या गावाशी जुळत नाही, त्यामुळे नक्कल करा असं मी म्हणणार नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच: तिथे सहकार्य म्हणजे पुस्तक एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेच्या वाचकाकडे जाणं.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. हे कार्यक्रम बहुधा पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ठेवतात. पण तेव्हा त्यांच्याकडे कॉलेजचं ग्रंथालय असतंच. खरी गरज पडते शेवटच्या वर्षी, ‘नो ड्यूज’चा शिक्का घेताना. त्या दिवशी कॉलेजचं कार्ड जमा होतं आणि कॉलेजमुळे मिळालेलं ऑनलाइन जर्नल्सचं लॉगिनही पुढे चालत नाही. नोकरी लागलेली नसते, पुस्तकं विकत घेणं परवडत नाही. त्या मुलीसाठी उरतं फक्त गावातलं सार्वजनिक ग्रंथालय, आणि नेमकं तेव्हाच तिला बोलवायला कुणी येत नाही.

त्याच टेबलावर सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद अर्ज ठेवता येईल. कॉलेजकडून परत मिळणारी अनामत, विद्यार्थ्याच्या संमतीने, तिकडे वळवता येईल. वर्षानंतर मोजायचं ते एवढंच: त्यातले किती जण अजून पुस्तक बदलायला येतात?

रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलंच सांगतं की पुस्तकं वापरासाठी असतात. आपण ते भिंतीवर लावतो आणि हजेरी मोजतो.

तुमच्या गावात असा करार झाला असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा: या करारावर पुस्तक घरी नेता येतं का? उत्तर काय मिळालं, मलाही कळवा.