पटावरील पायदळ : चढाई आणि बचाव यांच्या नियमांची चिकित्सा

प्रास्ताविक

बुद्धिबळातील प्यादे हे पायदळाचे प्रतीक मानले जाते. परंतु या प्याद्याला भीती वाटत नाही, ते विस्कळीत होत नाही आणि पाठही दाखवत नाही. पायदळाच्या लढाईचे अधिक खरे रूप पटावर आणण्याचा प्रयत्न आधुनिक युद्धखेळांनी केला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ वापरात आला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकातून खेळण्यातील शिपायांच्या साहाय्याने त्याचे घरगुती रूप मांडले. जॉन हिल यांचा १९७७ मधील 'स्क्वॉड लीडर' आणि त्यातून विकसित झालेला १९८५ मधील 'अॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' हे दुसऱ्या महायुद्धातील छोट्या तुकड्यांच्या लढाईवरील खेळ या परंपरेत महत्त्वाचे होत. त्यांतील चढाई व बचाव यांचे नियम मराठी सैनिकाच्या एका प्रत्यक्ष कृतीच्या कसोटीवर तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नियमांतील चढाई

'स्क्वॉड लीडर'चा पट षटकोनी घरांचा असून एक घर सुमारे ४० मीटर भूमी दर्शविते. प्रत्येक तुकडीच्या सोंगटीवर तीन अंक असतात : माऱ्याची शक्ती, पल्ला आणि मनोधैर्य. यांतील तिसरा अंक हेच या खेळाचे वैशिष्ट्य होय. मारा झाला की तुकडी नष्ट होतेच असे नाही. बहुधा तिच्या मनोधैर्याची फाशांनी परीक्षा होते आणि त्यात ती उणी पडली तर सोंगटी उलटी होते. अशी तुकडी लढण्यास निरुपयोगी ठरते व आडोशाकडे पळते.

म्हणून चढाई करणाऱ्याचे पहिले काम शत्रूला मारणे हे नसून त्याला मान खाली घालायला लावणे हे आहे. काही तुकड्यांनी जागेवरून मारा करायचा, काहींनी धूर व आडोसा यांचा आधार घेत बाजूने सरकायचे आणि अखेरीस हातघाई करायची. जी तुकडी आधी पूर्ण शक्तीने मारा करते तिला त्या फेरीत हलता येत नाही. चालून मग मारा करणाऱ्या तुकडीची शक्ती निम्मी होते. माऱ्याची किंमत गतीने आणि गतीची किंमत माऱ्याने मोजावी लागते, हे तत्त्व नियमांनी अचूक पकडले आहे.

नियमांतील बचाव

बचाव करणाऱ्याजवळ सोंगट्या सहसा कमी असतात. परंतु मोकळ्यावरून चालणाऱ्या शत्रूवर त्याचा मारा अधिक परिणामकारक ठरतो. आपला मारा केव्हा उघड करावा, हा त्याच्यापुढील खरा प्रश्न असतो. लवकर मारा केला तर जागा कळते आणि उशीर केला तर शत्रू अंगावर येतो. शिवाय फेऱ्यांची संख्या ठरलेली असल्याने भूमी सोडून वेळ मिळविणे हाही बचावच ठरतो.

एक प्रत्यक्ष चढाई

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. माणगाव तालुक्यातील हा २२ वर्षांचा जवान एकटाच त्या मोर्चावर धावून गेला. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांना निकामी केले आणि दुसऱ्याला गोळी घातली. बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास अवधी नव्हता, म्हणून तिची नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. परंतु जिंकलेल्या त्याच मोर्चात लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

ही घटना पटावर मांडू गेल्यास दोन अडचणी दिसतात. पहिली धैर्याविषयीची. १९८५ च्या नियमावलीत मनोधैर्याच्या परीक्षेत फाशांवर अत्यल्प दान पडले, तर एखादा सैनिक 'वीर' होऊ शकतो किंवा तुकडी बेभान होऊन शत्रूवर धावते. म्हणजे शौर्य हा एक तर योगायोग, नाही तर विवेकाचा लोप! घाडगे यांची कृती या दोन्हींत बसत नाही. आधी हातबॉम्ब, मग गोळी, मग दस्ता, हा क्रम बेभान माणसाचा नव्हे. तो शिकलेल्या सैनिकाचा आहे.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. घाडगे मोर्चा घेताना नव्हे, तर घेतल्यानंतर पडले. कुशल बचाव करणारा आपला मोर्चा जाईल हे गृहीत धरूनच त्यावर शेजारून नेम ठेवतो. म्हणून घेतलेली जागा टिकविणे हा चढाईचाच उत्तरार्ध होय. खेळात मात्र अखेरच्या फेरीत नेमून दिलेली इमारत ताब्यात असली की सहसा विजय जाहीर होतो. परिणामी खेळाडू शेवटच्या फेरीत तुकड्या बेफिकिरीने उधळतो, कारण पुढच्या क्षणाचा जाब त्याला द्यावा लागत नाही.

हा उत्तरार्ध मराठी परंपरेला अपरिचित नाही. १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडल्यावर सूर्याजींनी दोर कापून पळणाऱ्यांना परत फिरविले, असे परंपरा सांगते. खेळाच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांनी आडोशाकडे जाणारी वाटच नाहीशी केली. विस्कळीत तुकडीला सावरण्यासाठी नायकाची सोंगटी तिच्याजवळ असावी लागते, हा 'स्क्वॉड लीडर'चा नियम या कथेशी जुळतो. पण गड घेतल्यावर तो राखणे, हा कथेतील अर्थ त्या नियमात येत नाही.

समारोप

भांडुप, नाहूर, मुलुंड या उपनगरांतील गृहसंकुलांत दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात. त्या किल्ल्यांवर मावळे असतात, पहारा असतो. शत्रू मात्र क्वचितच असतो. तेथे जिंकलेली जागा आहे, पण ती जिंकण्याची किंमत नाही. युद्धखेळात याउलट किंमतीचा हिशेब चोख आहे, पण जिंकल्यानंतरचा क्षण नाही.

इतिहासाच्या किंवा संरक्षणशास्त्राच्या वर्गात या खेळाचा उपयोग करावयाचा झाल्यास शिक्षकाने एक सुधारणा अवश्य करावी : शेवटची फेरी संपली तरी डाव थांबवू नये आणि बचाव करणाऱ्याला आणखी दोन फेऱ्या द्याव्यात. किती विजय त्या दोन फेऱ्यांत टिकतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावे. लढाई निकालाच्या ओळीत संपते, हा पाठ्यपुस्तकांनी रुजविलेला समज त्यामुळे ढळेल. तो ढळल्याशिवाय घाडगे यांच्यासारख्यांच्या बलिदानाचे केवळ गुणगान होईल, आकलन होणार नाही.