मडके कोणाचे? : ‘झेल्डा’ व्हिडिओ गेम-मालिकेतील फुटणाऱ्या भांड्यांचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

कलाकृतीतील वस्तू ही केवळ नेपथ्याचा भाग नसते, हे साहित्य आणि नाट्यसमीक्षेने पूर्वीच मान्य केले आहे. व्हिडिओ गेम या माध्यमाची चर्चा मात्र बहुधा कथानक, हिंसा आणि व्यसन या तीन प्रश्नांभोवतीच फिरत राहते. परिणामी, खेळाडू ज्या वस्तूला वारंवार हात घालतो तीच दुर्लक्षित राहते. साहसप्रधान खेळांत अशी वस्तू म्हणजे फुटणारे भांडे : मडके, रांजण, पिंप किंवा लाकडी खोके. प्रस्तुत लेखात जपानमधील निन्टेन्डो या कंपनीच्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या मालिकेच्या आधारे या वस्तूचा विचार केला आहे. मडके फोडण्याच्या कृतीतून हे खेळ मालकीविषयी कोणती भूमिका घेतात, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

संकेताची जडणघडण :

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या नेतृत्वाखाली घडलेला या मालिकेतील पहिला खेळ १९८६ मध्ये आला. त्यात फोडण्याजोगी मडकी नव्हती. खेळाडूचा नायक लिंक हा झुडपे जाळून आणि भिंती स्फोटकांनी उडवून गुप्त वाटा शोधत असे. १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये मडके आले आणि त्याने कायमचे ठाण मांडले. ते उचलता येते, शत्रूवर फेकता येते, त्याखाली दार उघडणारी कळ दडलेली असू शकते, आणि त्यातून जीवनशक्ती देणारी बदामाकृती, बाण, स्फोटके किंवा ‘रुपी’ नावाचे रत्नरूपी चलन निघते. एकच वस्तू कोठार, शस्त्र आणि कोडे अशा तीन भूमिका पार पाडते.

हा संकेत एका मालिकेपुरता मर्यादित नाही. ‘कॅसलव्हेनिया’ (१९८६) मध्ये चाबकाने मेणबत्त्या फोडल्या की उपयोगी वस्तू मिळतात. ‘हाफ-लाइफ २’ (२००४) मध्ये पहारीने खोकी फोडली की औषधे व दारूगोळा मिळतो. खोक्यांचा इतका सुळसुळाट झाला होता की ‘ओल्ड मॅन मरी’ या विनोदी समीक्षा-संकेतस्थळाने २००० मध्ये खेळ सुरू झाल्यापासून पहिले खोके दिसेपर्यंत किती सेकंद जातात, यावरूनच खेळाची प्रत ठरवण्याचा उपहासात्मक निकष मांडला. या उपहासात तथ्य होते. सहा पृष्ठांचे खोके संगणकाला अवघ्या बारा त्रिकोणांत रेखाटता येते. त्यामुळे रिकामी जागा स्वस्तात भरून निघते.

तथापि, काटकसरीचे हे कारण भांडे तेथे का आहे एवढेच सांगते. ते फोडावेसे का वाटते, हे सांगत नाही. त्यासाठी बी. एफ. स्किनर यांच्या अनियमित प्रबलनाच्या सिद्धांताचा आधार घेता येईल : बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असले की कृती चिकाटीने होत राहते. परंतु हे स्पष्टीकरणही अपुरे आहे. ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये जास्तीत जास्त ९९९ रुपी बाळगता येतात. थैली भरल्यावर मिळणारा रुपी वाया जातो, तरीही मडके फोडण्याचा मोह सुटत नाही. याचा अर्थ फुटण्याचा आवाज आणि उडणारी खापरे हेच काही अंशी बक्षीस असते. हा आनंद निर्भेळ राहतो, कारण त्याला कोणीही हरकत घेत नाही.

मालकीचा प्रश्न :

येस्पर यूल यांनी ‘हाफ-रिअल’ (२००५) या ग्रंथात व्हिडिओ गेम हा खरे नियम आणि काल्पनिक विश्व यांचा संयोग असल्याचे प्रतिपादन केले आहे. मडक्याच्या बाबतीत हे दोन घटक परस्परविरोधी बोलतात. कल्पित विश्वात ते एखाद्या गावकऱ्याच्या घरातील भांडे असते. नियमाच्या दृष्टीने ते रानातल्या फळासारखे बेवारस असते. ‘ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८) मध्ये बाजारपेठेच्या प्रवेशद्वाराजवळील पहाऱ्याची खोली मडक्यांनी भरलेली आहे. लिंक ती एकेक करून फोडतो आणि तेथे उभा असलेला पहारेकरी त्याला अडवत नाही. कायद्याचा प्रतिनिधीच जेथे गप्प राहतो, तेथे मालकी नावाची गोष्टच शिल्लक राहत नाही.

या पार्श्वभूमीवर मालिकेतील मोजके अपवाद विशेष बोलके ठरतात. पहिल्याच खेळात काही गुप्त गुहा उघडल्यावर आत बसलेला वृद्ध दाराच्या दुरुस्तीचे पैसे वसूल करतो. ‘लिंक्स अवेकनिंग’ (१९९३) मध्ये दुकानातून वस्तू पळवता येते. मात्र त्यानंतर सर्व पात्रे नायकाला ‘चोर’ याच नावाने हाक मारतात, आणि पुन्हा दुकानात गेल्यास दुकानदार त्याचा जीव घेतो. ‘द विंड वेकर’ (२००२) मध्ये एका धनिकाच्या घरातील शोभेची भांडी फोडल्यास भरपाई द्यावी लागते. सामान्य रहिवाशाचे मडके फुकट फुटते. दुकानदाराच्या मालाला आणि धनिकाच्या फुलदाणीला मात्र किंमत असते. हे प्रसंग विनोदासाठी योजलेले आहेत, यात शंका नाही. परंतु विनोद नेमका कोठे केला जातो, यावरून नियमाचा कल लक्षात येतो. नुकसान हे ज्याच्यापाशी ते वसूल करण्याची शक्ती आहे, त्याचेच मोजले जाते.

पुन्हा उभे राहणारे मडके :

या खेळांत फुटलेले मडके कायमचे नाहीसे होत नाही. नायक ते ठिकाण सोडून पुढे परतला की ते जागच्या जागी उभे असते. या पुनरागमनाला कथेच्या पातळीवर सहसा कारण दिले जात नाही. ‘मजोराज मास्क’ (२०००) हा याला महत्त्वाचा अपवाद होय. तेथे तीन दिवसांचे कालचक्र पुन्हा पुन्हा मागे फिरवावे लागते. त्यामुळे मडकी सांधली जातात, त्याचबरोबर गावकऱ्यांना केलेली मदतही पुसली जाते. हातातील रुपी नाहीसे होतात. पेढीत ठेवलेले मात्र टिकतात. परिणामशून्य मोडतोडीची किंमत येथे स्पष्ट होते : जे जग मोडतोड विसरते, ते उपकारही विसरते. इतर खेळांनी सोय म्हणून वापरलेला नियम या खेळाने शोकात्म आशयापर्यंत नेला, ही त्याची थोरवी मानावी लागेल.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) ने वेगळीच दिशा घेतली. त्यातही मडकी फुटतात. पण लक्षात राहते ते शस्त्रांचे मोडणे. तलवारी, भाले, धनुष्ये आणि ढाली वापराने झिजतात व तुटतात. केवळ ‘मास्टर तलवार’ शक्ती संपल्यावर काही काळाने पूर्ववत होते. या नियमावर अनेक खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली. १९९१ पासून असंख्य मडकी निःशंकपणे फोडणाऱ्या खेळाडूला स्वतःची तलवार तुटताच मोडण्याचे दुःख कळले. वस्तू तीच नाशवंत. फरक पडला तो केवळ मालकीचा.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, फुटणारे भांडे हा निव्वळ तांत्रिक सोयीचा किंवा बक्षिसाच्या आमिषाचा विषय नाही. असे खेळ खेळणारा प्रत्यक्षात शेजाऱ्याची मडकी फोडू लागेल, असा आक्षेप येथे अभिप्रेत नाही. तो उथळ ठरेल. प्रश्न कल्पनाशक्तीचा आहे. नायकाच्या हिताचे जे असेल ते बेवारस मानणारे विश्व नायकत्वाचीही एक व्याख्या करत असते : ज्याला कोणी जाब विचारत नाही, तो नायक. हिशेब मागणारा गुहेतील वृद्ध, सारे काही विसरणारे नगर आणि हातात तुटणारी तलवार यांनी या व्याख्येला मालिकेच्या आतूनच छेद दिला आहे. मडके फोडण्याआधी ते कोणाचे आहे, हा प्रश्न जेव्हा खेळाच्या नियमातच उतरतो, तेव्हा हे माध्यम मनोरंजनाच्या पलीकडे जाते.