काळ्या धातूवर नाव कोणाचं?

बिदरी सुरई हातात घेणारा दाद देतो ती नक्षीला. चांदीची वेल, पोस्ताची फुलं, अशर्फीची बुट्टी. ती ज्याच्यामुळे उठून दिसते तो काळा रंग मात्र बहुतेकदा दुसऱ्याच कारागिराचा असतो. ओतकाम, घासकाम, रेखाटन, कोरीवकाम, चांदी बसवणं आणि शेवटचं काळं करणं अशी कामं बिदरच्या कारखान्यांत वाटलेली असतात. मग श्रेय कोणाचं?

सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं या बेताने धातू ओततात. घासलेल्या भांड्यावर मोरचुदाचं पाणी फासलं की ते तात्पुरतं काळं पडतं आणि टोकदार सळीने ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर छिन्नी चालते. खाच उथळ राहिली तर चांदीची तार टिकत नाही, म्हणून रेखाटणाऱ्याच्या कल्पनेला पहिली परीक्षा द्यावी लागते ती कोरणाऱ्याच्या हाताखाली. तार बसवली की तारकशी, पत्रा बसवला की तहनिशान. पुढे भांडं पुन्हा घासतात, तेव्हा तो तात्पुरता काळेपणा जातो आणि एवढ्या कष्टाची नक्षी राखाडी धातूत जवळजवळ हरवते. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप कोमट भांड्यावर चोळला की जस्त काळं होतं, चांदी तशीच राहते. नक्षी खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मते. माती जिभेवर ठेवून पारखणाऱ्याला निव्वळ मदतनीस म्हणणं हा अन्याय आहे.

श्रेयाची नोंद मात्र दोनच टोकांना होते. 2006 साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. तो मान गावाचा. 2023 साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. तो मान एका उस्तादाचा, आणि पूर्णपणे रास्त. मधले हात कुठेच नाहीत. संग्रहालयांतल्या जुन्या हुक्क्यांखालीही बहुधा स्थळ आणि शतक एवढंच लिहिलेलं असतं.

सगळ्या हातांची नावं वस्तूतच ठेवता येतात. दूर कॅलिफोर्नियात ॲपलच्या मॅकिंटॉश चमूने 1982 साली कागदावर सह्या केल्या. त्या सह्या 1984 साली बाजारात आलेल्या यंत्राच्या कवचात, आतल्या बाजूला, उमटवलेल्या होत्या. चित्र काढणारे आणि सर्किट जुळवणारे एकाच पृष्ठावर आले. जगाने लक्षात ठेवलं ते मुख्यतः स्टीव्ह जॉब्स यांचं नाव, तरी पुरावा वस्तूतच राहिला.

1956 पर्यंत उदगीर, निलंगा ज्या बिदर जिल्ह्यात होते, तिथली ही कला मराठी घरांनाही आपलीच वाटते. अशा घरात बिदरी फुलदाणी विकत घेणाऱ्याला ती कोणी ओतली, कोणी कोरली, कोणी काळी केली हे कळायला हवं. 1999 च्या मानांकन कायद्यात अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदणीची सोय आहे. तिचा लाभ फक्त कारखानदारापाशी थांबू नये. नवा नमुना बाहेरच्या डिझायनरने दिला असेल तर त्याचंही नाव यावं, पण कारागिरांच्या नावांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत. वस्तूसोबतच्या चिठ्ठीवर चार-पाच नावं सहज मावतात. बिदरच्या दुकानांनी आणि सरकारी विक्री केंद्रांनी ती येत्या मालापासून छापायला घ्यावीत.